रात्रपाळी आणि आपले हृदय

‘पाळी’ हा शब्द आपल्या शेतकरी बांधवांना नवा नाही. पेरणीपूर्वी आपण रानाला कुळवाची पाळी घालतो. चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यात पाळीने येते, खडकवासल्याचे पाणी दौंडच्या शिवारात येते तेही पाळीनेच. ज्याची पाळी त्याने पाणी घ्यावे, दुसऱ्याने आपली वाट पाहावी, असा हा जुना व्यवहार आहे. पण गेल्या काही दशकांत आपल्या घरांत आणखी एक पाळी आली, ती माणसाच्या झोपेची पाळी. या आठवड्यात रात्री झोपायचे, पुढच्या आठवड्यात दिवसा झोपायचे, असा हा नवा क्रम. जमिनीला पाणी दिवसा दिले काय, रात्री दिले काय, ती तक्रार करीत नाही. माणसाच्या देहाचे तसे आहे का? त्यातही हृदय आणि रक्तवाहिन्या यांचे तसे आहे का? याचा विचार आज करू.

हा प्रश्न आपल्या भागात किती जणांचा आहे ते पाहा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आणि कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत यंत्रे अहोरात्र चालतात, म्हणून माणसेही पाळीपाळीने अहोरात्र लागतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बॉयलर विझवता येत नाही, गाळप रात्री थांबत नाही, आणि उसाची गाडी घेऊन निघालेला माणूस पहाटे तीनला काट्यावर उभा असतो. दौंड हे तर रेल्वेचे जंक्शन. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तेव्हापासून या गावाने रात्र कधी पुरती झोपून काढलेली नाही. पूर्वी वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत ‘कॉलबॉय’ ड्रायव्हरच्या दारावर येऊन त्याला उठवीत असे. आज तेच काम फोन करतो. ड्रायव्हरला आता लोको पायलट म्हणतात, आणि २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणू लागले. नावे बदलली, पण अर्ध्या रात्री उठून गाडीवर जाणे काही बदलले नाही. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, सरकारी दवाखान्यातील परिचारिका, एस. टी.चे चालक आणि वाहक, पेट्रोल पंपावरची मुले, एटीएमपुढचा रखवालदार हे सारे रात्रपाळीचेच लोक.

आणि एका माणसाला या यादीत आपण विसरतो. तो म्हणजे शेतकरी. शेतीपंपाची वीज आठवड्याआड दिवसाची आणि रात्रीची होते, हा आपला वर्षानुवर्षांचा अनुभव. मोटार सुरू झाली की बॅटरी आणि काठी घेऊन, बिबट्याच्या भीतीने कानोसा घेत, थंडीत दारे धरायला जावे लागते. २०१७ पासून राज्यात सौर वाहिनीची योजना आली आणि काही गावांत दिवसा वीज मिळू लागली, ही चांगली गोष्ट. पण जिथे अजून रात्रीचीच वीज आहे, तिथला शेतकरी हाही रात्रपाळीचाच कामगार. फरक इतकाच, की त्याच्या हजेरीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

रात्री जागून काम करण्याची ही रीत फार पुरातन नाही. राखणदार, दाई, दळणारी माउली हे पूर्वीही रात्री उठत. पण हजारोंनी एकदम रात्रभर काम करायचे, तर दिवा हवा. आपल्याकडे याचा मोठा दाखला मुंबईच्या कापड गिरण्यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्य मावळला की यंत्र थांबवण्याचे कारण उरले नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्यावर आरडाओरड झाली, सरकारने चौकशी केली, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली गेली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तास ठरले. म्हणजे तास किती, हा प्रश्न कायद्याने सोडवला. पण ते तास दिवसाचे की रात्रीचे, याने देहाला काय फरक पडतो, हा प्रश्न मात्र शास्त्राकडे पुष्कळ उशिरा आला.

आपल्याकडे खंडोबाचे जागरण होते. रात्रभर गोंधळ चालतो, सकाळी घरचे सारे लोक आडवे होतात आणि एका दिवसात ताळ्यावर येतात. मग रात्रपाळीचे एवढे काय? असे कोणी विचारील. याचे उत्तर असे, की जागरण हा देहाला दिलेला एक धक्का आहे; रात्रपाळी म्हणजे देहाने ज्याच्या आधाराने आपला सारा कारभार मांडला आहे, तो आधारच पुन्हा पुन्हा हलवणे.

हा आधार कोणता, ते समजायला एक झाड पुरे आहे. चिंचेची किंवा लाजाळूची पाने सांज झाली की मिटतात आणि सकाळी उघडतात. आपल्याला वाटते, उजेड गेला म्हणून मिटली. १७२९ साली द मैरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. उजेडाचा किरण नाही, तरी पाने ठरल्या वेळी उघडली आणि ठरल्या वेळी मिटली! म्हणजे वेळ बाहेरून सांगावी लागत नाही; रोपाच्या अंगातच घड्याळ आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग शाळेत जरूर करावा. लाजाळूची एक कुंडी कपाटात दोन दिवस ठेवा, आणि मुलांना तासातासाला क्षणभर डोकावून नोंद करायला सांगा. पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा ती नोंद मुलांना जास्त शिकवील.

असेच घड्याळ माणसाच्या अंगात आहे. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा एक पुंजका आहे. त्यात साधारण वीस हजार मज्जापेशी असतात. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून हा पुंजका आपली वेळ रोज सूर्याशी जुळवून घेतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळांवरच्या चिलटांचा अभ्यास करून झाला, आणि त्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळून आले की मेंदूतले घड्याळ हे गावच्या चावडीवरच्या घड्याळासारखे आहे. पण घरोघर आपापली घड्याळेही आहेत. यकृतात, आतड्यांत, हृदयाच्या स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतसुद्धा अशी लहान घड्याळे चालू असतात. चावडीचे घड्याळ उजेड पाहून चालते. घरची पुष्कळशी घड्याळे मात्र आपण जेवतो केव्हा, याकडेही पाहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती कामाला येईल.

आता हे घड्याळ हृदयाशी काय व्यवहार करते? आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ठोके देते. त्याला सुट्टी नाही. पण निसर्गाने त्याला थोडी विश्रांती दिली आहे, ती रात्री. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. नाडी मंद होते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक पाझरू लागते आणि देह निजायच्या तयारीला लागतो. पहाटे कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक वाढते, रक्तदाब चढू लागतो, आणि डोळा उघडण्याआधीच देह उठायच्या तयारीला लागलेला असतो. या चढाच्या वेळी हृदयावर ताण जास्त. म्हणून हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात अधिक येतात, हेही आता चांगले माहीत झाले आहे.

रात्रीचा हा उतार महत्त्वाचा का? आपल्या मोटारीचेच उदाहरण घ्या. मोटार आणि पाइपलाइन दिवसरात्र पूर्ण दाबावर चालवली, तर जोड आधी सैल होतात, मग पाइप फुटतो. रक्तवाहिन्या मात्र पाइपासारख्या निर्जीव नाहीत. प्रत्येक रोहिणीच्या आतून पेशींचे एक अतिशय नाजूक अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते आणि गरजेप्रमाणे वाहिनी सैल करते. या शोधालाही १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब सतत चढता राहिला, रक्तात साखर आणि मेद फार वेळ रेंगाळले, तंबाखूचे विष आले, की हे अस्तर दुखावते. दुखावलेल्या जागी मेद साचतो, भिंत जाड व ताठ होते, वाट अरुंद होते. अखेर एखाद्या दिवशी त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. हृदयाच्या रोहिणीत असे झाले तर हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या रोहिणीत झाले तर पक्षाघात. हा झटका एका क्षणात आला असे आपण म्हणतो, पण त्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते.

रात्रपाळीने या तयारीला हातभार कसा लागतो? तो चार वाटांनी लागतो.

पहिली वाट रक्तदाबाची. जेव्हा दाब उतरायचा, तेव्हा माणूस यंत्रापाशी उभा असतो. सकाळी घरी येऊन झोपतो, पण देहाचे घड्याळ म्हणत असते, आता दिवस उगवला, दाब चढवा. म्हणून दिवसाच्या झोपेत तो उतार तितका मिळत नाही.

दुसरी वाट जेवणाची. स्वादुपिंड आणि यकृत रात्री मंद असतात. दुपारी बाराला खाल्लेली भाकरी आणि रात्री दोनला खाल्लेली तीच भाकरी देहाला सारखी नसते. रात्री खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात अधिक चढते आणि मेद अधिक वेळ रेंगाळतो.

तिसरी वाट अपुऱ्या झोपेची. दिवसाची झोप रात्रीपेक्षा तासा-दोन तासांनी, कधी त्याहूनही कमी पडते. ऊन, पत्र्याची धग, पोरांचा गलका, स्पीकर, दारावर येणारा पाहुणा, या सगळ्यांतून ती तुकड्यातुकड्यांनी होते. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि नेमकी गोडातेलाची वाढते.

चौथी वाट सवयींची. झोप येऊ नये म्हणून तंबाखू, बिडी, चहावर चहा, कँटीनमधला वडा, आणि व्यायामाला सवड नाही.

कोणी म्हणेल, मग दोष चौथ्या वाटेचाच असेल. तंबाखू सोडली की झाले. शास्त्रज्ञांनाही ही शंका होती. म्हणून त्यांनी निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवले. तंबाखू नाही, वडा नाही, फक्त जेवण आणि झोप यांची वेळ हळूहळू सरकवत दिवसाची रात्र केली. २००९ साली अमेरिकेत असा दहा जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वेळ पुरती उलटी झाली तेव्हा त्यांचा सरासरी रक्तदाब ३ टक्क्यांनी वाढला, रक्तातील साखर ६ टक्क्यांनी वाढली, आणि पोट भरल्याची जाणीव देणारे संप्रेरक १७ टक्क्यांनी घटले. ज्या आठ जणांची पुरेशी मोजणी हाती होती, त्यांतील तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासारखी दिसू लागली. हे सगळे अवघ्या काही दिवसांत! तेव्हा सवयी वाईट आहेतच, पण केवळ वेळ उलटी करणे हेही देहाला बाधते, हे यातून दिसले.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावाही पाहू. १९८६ साली स्वीडनमधील कागद कारखान्याच्या ५०४ कामगारांचा पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पाळीत काम केलेली वर्षे वाढत गेली तसा हृदयरोगाचा धोका वीस वर्षांपर्यंत वाढत गेलेला दिसला. २०१२ साली ३४ अभ्यास एकत्र करून वीस लाखांहून अधिक माणसांचा आढावा घेण्यात आला. त्यात पाळीत काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त आढळले. २०१८ च्या आणखी एका आढाव्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका एकंदर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि पहिल्या पाच वर्षांनंतर पुढच्या दर पाच वर्षांना तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढत जातो असे दिसले.

ही टक्केवारी नीट वाचायला हवी. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण घेण्यासारखे आहे. १७ टक्के जास्त म्हणजे शंभरांतील सतरा माणसांना झटका येणार, असे नव्हे. समजा, काही ठराविक वर्षांत दिवसा काम करणाऱ्या शंभर जणांपैकी सहा जणांना हृदयरोग व्हायचा असेल, तर रात्रपाळीच्या शंभरांत तो सात जणांना होईल. सहाचे सात. म्हणजे घाबरून नोकरी सोडून घरी बसावे, असे त्यात काही नाही. पण रांजणगाव-कुरकुंभसारख्या ठिकाणी हजारो माणसे रात्रपाळी करतात, तेव्हा प्रत्येक शंभरामागे वाढलेला तो एक माणूस कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो, हेही विसरता येत नाही.

आणखी एक आशेची गोष्ट. अमेरिकेतील १,८९,१५८ परिचारिकांची चोवीस वर्षे नोंद ठेवून २०१६ साली जो अहवाल आला, त्यात दहा वर्षांहून अधिक काळ बदलती रात्रपाळी केलेल्यांत हृदयरोगाचा धोका १५ ते १८ टक्के जास्त होता. पण रात्रपाळी सोडून जसजशी वर्षे लोटली तसतसा तो धोका ओसरत गेल्याचेही एका गटात दिसले. म्हणजे देह सवड मिळाली की सावरू पाहतो.

मग करायचे काय? मी वैद्य नव्हे, महाविद्यालयातला शिक्षक आहे. सकाळच्या पहिल्या तासाला रात्रपाळी करून आलेली मुले समोर बसतात, जांभई दाबून टिपणे काढतात. नोकरी सोडा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? त्या पगारावर घर चालते, बहिणीचे शिक्षण चालते. तेव्हा उपाय सांगायचे ते पाळी पत्करून जगण्याचे सांगायला हवेत.

पहिला उपाय जेवणाचा. घरची घड्याळे जेवणाकडे पाहतात, असे मघाशी म्हटले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्री जागवलेल्या माणसांपैकी एका गटाला रात्री जेवण दिले आणि दुसऱ्याला फक्त दिवसाच्या वेळी. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. २०२५ साली त्याच धर्तीवर हृदयाच्या बाबतीत जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही जेवण दिवसाच ठेवणाऱ्यांची स्थिती बरी राहिली. तेव्हा रात्रपाळी असली तरी पोटभर जेवण कामावर जाण्याआधी संध्याकाळी सात-आठला करावे. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पोटाला होता होईल तो विश्रांती द्यावी. फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे, एखादे फळ, ताक. सकाळी घरी आल्यावर हलकी न्याहारी करून झोपावे, म्हणजे भुकेने झोप मोडत नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र जेवणाच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. डॉक्टरांना आपली पाळी सांगून वेळा ठरवून घ्याव्यात.

दुसरा उपाय झोपेचा. घरी आल्यावर शेतावर फेरी मारू, बाजार करू, मग झोपू, असे करता करता दुपार होते आणि झोप जाते. कारखान्यातून आले की आधी झोप, मग बाकीचे. खोलीत जाड पडदा किंवा गोधडी टांगून अंधार करावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्रपाळीला निघण्याआधी तास-दीड तासाची एक झोप घेतली तर पहाटेची पेंग कमी होते. चहाचा असर पाच-सहा तास टिकतो, म्हणून सकाळी आठला झोपायचे असेल तर शेवटचा चहा रात्री दोन-अडीचच्या आत घ्यावा. आणि रात्रभर जागून मोटारसायकलवर बसताना डोळे जड होत असतील, तर वीस मिनिटे तिथेच टेकून डुलकी काढावी. पुणे-नगर रस्ता काय, सोलापूरचा रस्ता काय, तिथे एका डुलकीची किंमत हृदयरोगाच्याही आधी वसूल होते.

तिसरा उपाय तंबाखूचा, म्हणजे ती सोडण्याचा. रात्रपाळी आपल्या हाती नाही, तंबाखू आपल्या हाती आहे. एक भार उतरवता येत नसेल तर निदान दुसरा उतरवावा. मिठाचेही तसेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढेच मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाण, पापड, लोणचे यांतून ते केव्हाच पुरे होते.

चौथा उपाय मोजण्याचा. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो कळत नाही. तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासली जाते. वर्षातून एकदा तरी तिथे जावे. आधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास चहा-तंबाखू घेऊ नये, आणि सध्या कोणती पाळी चालू आहे ते सांगावे. आकडा वारंवार १४० आणि ९० च्या वर येत असेल तर उपचार घ्यावेत. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, या घोळात पडू नये. ब्रिटनमध्ये एकवीस हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. रोज न चुकता घेणे महत्त्वाचे. पाळी बदलली म्हणून गोळी चुकली, असे होऊ देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आपल्याकडे जागरणाने पित्त होते ही समजूत पक्की आहे, आणि जागल्याने पोट बिघडते हे खरेही आहे. पण त्यामुळेच घात होतो. पहाटे छातीत जळजळल्यासारखे, दाबल्यासारखे झाले की रात्रपाळीचा माणूस म्हणतो, ‘जागरणाचं पित्त आहे,’ सोडा पितो आणि घरी जाऊन पडतो. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, अशी लक्षणे असतील तर ते पित्त समजू नये. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत ही लक्षणे पुसटही असतात. नुसता घाम आणि गळून जाणे एवढेच दिसते. अशा वेळी चालत जाऊ नये, स्वतः गाडी चालवू नये, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा. बंद झालेली रोहिणी जितक्या लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पित्तच निघाले तर हसत घरी यावे. त्यात कमीपणा नाही.

हे सारे एकट्या कामगाराने करायचे नाही. पाळ्या लावणाऱ्यांनीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. माणसाचे अंगभूत घड्याळ चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी मोठे असते. म्हणून झोप पुढे ढकलणे त्याला सोपे जाते, मागे ओढणे जड जाते. तेव्हा पाळी पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर रात्रीची, अशी पुढे पुढे सरकावी, उलटी नको. घड्याळ नव्या वेळेला दिवसाला साधारण एका तासाने जुळते. म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्याशेवटी देह कुठे रुळू लागतो, तोच पाळी बदलते! यासाठी लागोपाठच्या रात्री थोड्या असाव्यात आणि रात्रपाळी संपल्यावर पुरती विश्रांती मिळावी. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या श्रम-संहितेत कामगारांच्या विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. कामगारांनी ती मागून घ्यावी. आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, तो त्याच्या हृदयाचाही प्रश्न आहे, हे ग्रामसभेत जरूर बोलले जावे.

घरच्या मंडळींचा वाटा तर फार मोठा. दिवसा झोपलेल्या माणसाला आपल्याकडे आळशी म्हणण्याची खोड आहे. ‘दिवसाढवळ्या काय लोळतोय!’ असे आजी म्हणते, शेजारी हसतो. ज्याने रात्रभर यंत्र राखले, गाडी हाकली किंवा पाणी पाजले, त्याची सकाळी नऊची झोप ही आपली रात्री नऊची झोप आहे, असे समजावे. आणि घरातली बाई रात्रपाळीची परिचारिका किंवा कामगार असेल, तर ही गोष्ट दुप्पट खरी. कारण ती घरी येते तेव्हा तिची दुसरी पाळी चुलीपाशी वाट पाहत असते. ती पाळी त्या दिवशी दुसऱ्या कोणी तरी घ्यावी.

शिक्षकांनी मुलांना हे सांगितले तर ते घरोघर पोहोचेल. ज्या मुलाचा बाप दुपारी झोपलेला असतो, त्या मुलाला त्याचे कारण कळले, तर ते मूल अंगणातला चेंडू घेऊन आपोआप मैदानावर जाईल. रेडिओचा आवाज कमी करील. आणि एखादे दिवशी म्हणेलही, ‘बाबा, उपकेंद्रात जाऊन दाब तपासून या ना.’ पोराच्या तोंडचे हे वाक्य बाप सहसा मोडत नाही.